पाटीवरचं साल आणि दगडावरचं साल : आमच्या बॅप्टिस्ट मंडळीचा इतिहास लिहायचाय, मदत हवी

सापनकाठ

सर्वांना जय ख्रिस्त आणि नमस्कार.

आमचं गाव परतवाड्याच्या पुढे, मेळघाटच्या पायथ्याशी. गावात बॅप्टिस्ट मंडळी आहे, म्हणजे मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं चर्च, लहानशीच. यंदा मंडळीच्या सभेत स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी शाळेत मराठी शिकवते. पानं तर भरता येतील. पाळकांची (चर्चच्या धर्मगुरूंची) यादी, कौलं जाऊन पत्रे कधी आले, पेटी कुणी दिली. पण सुरुवातीलाच अडले आहे.

चर्चच्या दारावरच्या पाटीवर स्थापनेचं साल आहे, स्वातंत्र्याच्या आसपासचं. लहानपणापासून तेच वाचत आलो, दर वर्धापनदिनी तेच साल सांगून प्रार्थना होते. पावसाळ्याआधी आम्ही बायका दफनभूमीतलं गवत काढायला गेलो होतो. कुंपणाच्या कोपऱ्यात, निंबाखाली, एक काळा दगड आडवा पडलेला होता. त्यावर बसून आम्ही कितीदा पाणी प्यायलो असू. या वेळी कुदळीच्या टोकाने माती निघाली आणि खाली अक्षर दिसलं. कळशीभर पाणी ओतलं तर ओल्या दगडावर ओळी उठून आल्या. नाव अर्धं गेलंय, शेवटचं ‘बाई’ तेवढं राहिलंय. खाली ‘प्रभूमध्ये निजली’. त्याखाली साल. १, ९, ० स्पष्ट आहेत. चौथा आकडा झिजलाय, बोट फिरवूनही लागत नाही.

म्हणजे पाटीवरच्या सालाच्या निदान सदतीस-अडतीस वर्षं आधी आमच्या दफनभूमीत एक ख्रिस्ती बाई पुरलेली आहे. मग ती कोणत्या मंडळीची होती? तिला मूठमाती द्यायला कोण उभं होतं?

माझ्याकडे आहे ते असं : सभासदांचं एक रजिस्टर (निळं कापडी पुठ्ठ्याचं, कोपरे उंदरांनी खाल्लेले), सभेच्या इतिवृत्ताच्या दोन वह्या, आणि मिशन बंगल्यासमोर काढलेला एक फोटो, मागे काहीच लिहिलेलं नाही. ज्यांना या कामातलं कळतं त्यांनी सांगावं, कुठून सुरुवात करू?

अभिलेख_वाचक

ताई, दगडाने तुम्हाला बरोबर जागी आणून सोडलंय. पाटी खोटी नाही. पाटीवर ‘बॅप्टिस्ट’ या नावाचं साल असणार, मंडळीचं नव्हे.

तुमच्या भागात पहिलं सलग काम बॅप्टिस्टांचं नव्हतं. १८९० साली ‘कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ नावाचं इंग्लंडातलं मिशन उभं राहिलं. नावातलं कुर्कू म्हणजे आपले कोरकू. एलिचपूर, चिखलदरा आणि वरचा मेळघाट हे त्यांचं क्षेत्र. ते कुठल्या एका पंथाचं नव्हतं, निरनिराळ्या मंडळ्यांतले लोक त्यात होते. अमेरिकेतलं ‘कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट फॉरेन मिशन सोसायटी’ जन्मालाच १९४३ साली आलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर ते वऱ्हाडात उतरलं आणि जुन्या हिल मिशनचं काम त्याच्याकडे आलं. माणसं तीच, विहीर तीच, दफनभूमी तीच. पाटी नवी लागली.

म्हणून कागद शोधताना ‘बॅप्टिस्ट’ हा शब्द घेऊन १९४० च्या मागे गेलात तर हाती काही लागणार नाही. आणि ‘अचलपूर’ही शोधू नका, इंग्रजी कागदांत ते एलिचपूर आहे. तेव्हा तो स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून अमरावती जिल्ह्यात मिळवला. त्याआधी दोन वर्षं, १९०३ ला, वऱ्हाडचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला होता. पुढे १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशात, मग मुंबई राज्यात, १९६० नंतर महाराष्ट्रात. राजधानी बदलली की दप्तरं हलतात, आणि हलली की हरवतात. एकाच कपाटात सगळं सापडेल ही आशा ठेवू नका.

मेळघाट_मास्तर

ताई, मी धारणी तालुक्यात तीस वर्षं मास्तरकी केली. तुमच्या रजिस्टरमध्ये कोरकू नावं आहेत का ते पहिल्यांदा पाहा. कासदे, जांभेकर, भिलावेकर, मावस्कर, दहीकर अशी आडनावं असली तर ते कुटुंब वरून, डोंगरातून आलेलं.

हिल मिशनचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. त्या मिशनमधल्या जॉन ड्रेक यांनी कोरकू भाषेचं व्याकरण लिहिलं, ते १९०३ साली कलकत्त्याला छापलं गेलं. कोरकू ही मराठी-हिंदीच्या कुळातली नाही. मुंडा कुळातली आहे, संथाली-मुंडारीची नातलग. चहूबाजूंनी मराठी, हिंदी आणि गोंडी, मधोमध डोंगरात ही भाषा टिकून राहिली. ज्या काळात शाळा-कचेरीत कोरकूला भाषा म्हणायलाही कुणी तयार नव्हतं, तेव्हा एक माणूस पाड्यावर बसून तिची क्रियापदं लिहून घेत होता. धर्माचं ज्याचं त्याचं मत काही असो, हे काम मोठं आहे असं मला मनापासून वाटते.

आणि त्याला शब्द सांगणारे कोण होते? त्यांची नावं कुठं आली नाहीत. तुमच्या स्मरणिकेत अशा माणसांना जागा द्या. आमच्या शाळेजवळ एक म्हातारेबुवा होते, रविवारी प्रार्थनेला मराठीत सुरुवात करत आणि डोळे मिटून थोडा वेळ झाला की कोरकूत जात. मी ख्रिस्ती नाही, दाराशी उभा राहून ऐकायचो. त्यांना विचारलं, बाबा, मध्येच भाषा काहून बदलता? म्हणाले, ‘मास्तर, मागाचं असलं की मायच्याच बोलीत मागा लागते.’

अकोल्याचा_भाचा

त्या दगडाच्या सालावरून मला लगेच छप्पन्नचा दुष्काळ आठवला. विक्रम संवत १९५६, म्हणजे इसवीसन १८९९-१९००. त्याच्या तीनच वर्षं आधी १८९६-९७ चा पडलेला. पहिल्यातून सावरायच्या आत दुसरा. वऱ्हाड-मध्यप्रांतात त्या दोन दुष्काळांनी गावंच्या गावं उठवली. मिशनच्या अनाथाश्रमांत मुलं भरली ती तेव्हाच. पंडिता रमाबाईसुद्धा १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात येऊन मुली घेऊन गेल्या, पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या वाढल्या.

आमच्याकडे अकोल्याला ‘ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स’चं काम होतं. माझ्या आईची आजी त्यांच्या अनाथाश्रमात वाढली. तिला स्वतःचं आडनाव ठाऊक नव्हतं. रेल्वेच्या फाटकाजवळ बसलेली सापडली एवढंच तिला लोकांनी सांगितलं होतं. ती मरेपर्यंत ताटात भाताचं शीत ठेवत नसे, आणि दुसऱ्या कुणी ठेवलेलं पाहिलं तर उठून जाई.

तुमच्या दगडावरच्या बाईचं नाव ‘बाई’वर संपतं, आडनाव आहे का? नसेल तर ती दुष्काळातली पोर असू शकते. अर्थात हा माझा अंदाज.

एक कामाची गोष्ट : अलायन्सची मंडळीही मोठेपणी, पाण्यात बुडवूनच बाप्तिस्मा देते. त्यामुळे दोन्हीकडच्या लोकांत सोयरिकी व्हायच्या आणि सभासद इकडचे तिकडे जायचे. जाताना शिफारसपत्र घेऊन जावं लागे. तुमच्या रजिस्टरात ‘पत्राने आले’ किंवा ‘पत्र देऊन गेले’ असा शेरा दिसला तर तिथे थांबा.

बुटीबोरी

मी नागपूरकडचा, आमची मंडळी सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आमचा इतिहास स्कॉटिश मिशनचा, स्टीफन हिस्लॉप यांच्यापासूनचा. ते १८४५ ला आले आणि १८६३ मध्ये आमच्याच टाकळघाटजवळ पुराच्या नाल्यात बुडून वारले. जवळची शिळावर्तुळं पाहायला आले होते. आमच्याकडे बाळाचा बाप्तिस्मा होतो, मोठेपणी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतः कबूल करणं.

एक प्रामाणिक प्रश्न : तुम्ही सीएनआयमध्ये का नाही? १९७० ला तर बॅप्टिस्टही आले होते ना?

अभिलेख_वाचक

आले होते, पण सगळे नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्यांत बॅप्टिस्टांची उत्तर भारतातली परिषद होती, ती मुख्यतः ब्रिटिश बॅप्टिस्ट मिशनच्या परंपरेतली. वऱ्हाडातले कॉन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट त्या एकीकरणात गेले नाहीत. त्या वाटाघाटी अनेक वर्षं चालल्या, आणि सर्वांत कठीण गाठ बाप्तिस्म्याचीच होती. शेवटी बाळाचा आणि विश्वास धरल्यावरचा, असे दोन्ही बाप्तिस्मे मान्य करून तोडगा निघाला.

नाहीतर मराठीशी बॅप्टिस्टांचं नातं फार जुनं आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरचे विल्यम कॅरी बॅप्टिस्ट होते. त्यांचं मराठी व्याकरण १८०५ चं, कोश १८१० चा, आणि मराठी नवा करार १८११ चा. मराठी छपाईच्या अगदी पहिल्या पुस्तकांतली ही. त्यांना मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित होते, ते नावही विसरू नये.

सापनकाठ

बुटीबोरीदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मी पाण्यातलं देते, कारण मला तेच माहीत आहे.

आमच्याकडे मूल जन्मलं की पाळक त्याला हातात घेऊन समर्पणाची प्रार्थना करतात, बस्स. बाप्तिस्मा ज्याचा त्याने मागायचा असतो. आधी मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यावी लागते, आपण का विश्वास धरला हे आपल्या तोंडाने सांगायचं. मग मंडळी हात वर करून मान्यता देते. माझा झाला तेव्हा मी बारावीत होते. साक्ष देताना माझा आवाज फुटेना आणि मागून माझी आजी मोठ्याने म्हणाली, ‘सांग बाई, घाबरू नको, आपलेच लोक आहेत.’

बाप्तिस्मा सापन नदीत. पावसाळा सरून पाणी निवळलं की. पाळक कंबरभर पाण्यात आधी उतरतात, काठीने तळ चाचपून घेतात. आपण पांढऱ्या कपड्यात जायचं, छातीवर हातांची घडी. पाळकांचा एक हात पाठीला, दुसरा आपल्या हातांवर. मागे आडवं करून पूर्ण पाण्याखाली नेतात आणि लगेच वर. ख्रिस्ताबरोबर पुरले गेलो, ख्रिस्ताबरोबर उठलो, हा त्याचा अर्थ. पण त्या क्षणी मला एवढंच कळलं की कानात पाणी गेलंय आणि पाण्याच्या आतून काठावरचं गाणं ऐकू येतंय, लांबून यावं तसं. वर आले तर आईने गोधडी उघडून धरलेली.

आता धरणामुळे नदीला पाणी असेलच असं नाही. चर्चमागे सिमेंटचा हौद बांधलाय, टँकरने भरतात. नव्या पोरांचे बाप्तिस्मे त्यातच होतात. जुनी माणसं अजून नदीच म्हणतात.

यवतमाळकर_सून

तुमच्या पाळकांच्या यादीत यवतमाळला शिकलेले कुणी आहेत का पाहा. युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून यवतमाळला होती, १९८३ ला पुण्याला हलली. फ्री मेथडिस्ट, अलायन्स, बॅप्टिस्ट, सगळ्यांची मुलं तिथे एका पंगतीला बसून शिकली. माझे सासरे तिथलेच. तुकड्यांचे फोटो अजून घरोघरी भिंतीवर आहेत, बहुतेकांच्या खाली नावं लिहिलेली असतात. तुमच्या बिननावाच्या फोटोतले चेहरे तिथे जुळू शकतील.

आणि पाळकांच्या बायकांना विसरू नका गं. त्या काळी पाळकाला पगार एकाचा आणि काम दोघांचं होतं. संडे स्कूल, बायकांची सभा, बाळंतपण, दुखणं. सासूबाई सायकलवर बसून वस्तीला जात, तेव्हा गावात सायकलवर बसणारी दुसरी बाई नव्हती.

निळाई

मी बौद्ध आहे, तुमच्याच तालुक्यातली. मंडळीची नाही तरी लिहिते.

माझे आजोबा आणि त्यांचे सख्खे मोठे भाऊ एका घरात राहत. मोठे भाऊ मिशनच्या शाळेत शिकले आणि ख्रिस्ती झाले. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन आले. घर तेच, चूल पुढे वेगळी झाली, पण अंगण एक राहिलं. नाताळला करंज्या तिकडून इकडे, अशोक विजयादशमीला खीर इकडून तिकडे. दोघांचं दुखणं एकच होतं, त्यातून बाहेर पडायची वाट दोघांनी आपापली धरली.

पुढे मोठ्या आजोबांच्या मुलांना सवलती मिळाल्या नाहीत, कारण १९५० च्या आदेशाने ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीत धरत नाहीत. आजोबांच्या मुलांनाही सुरुवातीला नव्हत्याच, बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० मध्ये मिळाल्या. त्यामुळे कित्येक घरांत दाखल्यावर एक नाव आणि मंडळीच्या रजिस्टरात दुसरं. ताई, लिहिताना जिवंत माणसांची नावं फार जपून छापा. रजिस्टर तुमच्या मंडळीचं आहे, पण त्यातलं एखादं नाव बाहेर आलं की कुणाच्या तरी नोकरीशी जाऊन भिडतं.

मिशनच्या विहिरीबद्दलही लिहा. आमच्या आजीला पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा सोडता आला तो तिथेच. त्याआधी कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची.

सापनकाठ

निळाईताई, तुमचा सल्ला शब्दशः पाळणार आहे. हयात माणसांची नावं त्यांना विचारूनच. आणि विहिरीला पूर्ण पान.

अभिलेख_वाचक

रजिस्टर कसं वाचायचं ते थोडं सांगतो, कारण बॅप्टिस्ट रजिस्टरात लोक हमखास फसतात.

स्कॉटिश किंवा अँग्लिकन रजिस्टरात बाळाचा बाप्तिस्मा असतो, म्हणून त्यावरून जन्माचं साल जवळजवळ मिळतं. तुमच्या रजिस्टरात बाप्तिस्म्याची तारीख म्हणजे माणूस अठरा वर्षांचाही असेल आणि साठ वर्षांचाही. त्यावरून वय काढू नका. उलट मुलं तिथे नाहीतच. एखादं मूल सातव्या वर्षी वारलं असेल तर त्याचा कागदोपत्री मागमूस राहत नाही, फक्त दफनभूमीत असेल.

लग्नांचं रजिस्टर वेगळं असतं. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा, त्याखाली लग्न लावणाऱ्याला नोंद ठेवावी लागते आणि प्रती सरकारकडे जातात. त्यात वय, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण मिळतं. तुमचं सगळ्यात जुनं लग्न-रजिस्टर सापडलं तर निम्मा इतिहास सापडला.

जागेसाठी सातबारा आणि जुने फेरफार काढा. मंडळीचा न्यास नोंदलेला असेल तर अमरावतीच्या न्यास नोंदणी कार्यालयात परिशिष्टाची नक्कल मिळते, त्यात मिळकतीचं वर्णन असतं.

आणि इतिवृत्ताच्या वह्या! बॅप्टिस्ट मंडळीत बिशप नसतो, सभासदांची सभाच सगळं ठरवते. म्हणून त्या वह्यांत सामान्य माणसाचा आवाज सापडतो. तिथे काय लिहिलंय ते सांगा की.

सापनकाठ

हो, कालपासून तेच करतेय. पहिली वही शाईची आहे, पानं पिवळी, अक्षर मोडी वळणाचं पण बाळबोध. काही नोंदी जशाच्या तशा देते :

‘उपकारस्तुतीच्या लिलावाचा जमाखर्च. दुधी भोपळा १, चार आणे. कापूस अडीच शेर. ज्वारीची कणसं, जुडी ३. कोंबडा १, दोन वेळा बोली होऊन परत मंडळीस दान.’

उपकारस्तुतीचा रविवार आजही असाच होतो. ज्याच्या शेतात जे पहिलं येईल ते वेदीपुढे आणून ठेवायचं, उपासना झाली की बाहेर लिलाव. कोंबडा विकत घेऊन पुन्हा दान करणारा आजही एखादा निघतोच.

दुसरी नोंद : ‘विहिरीचे पाणी उतरले आहे. बाहेरच्यांस बंद करावे असे दोघांचे म्हणणे पडले. मत घेता पाणी सर्वांस खुले ठेवावे असे ठरले. सभासदांनी दोन घागरी कमी न्याव्या.’

या ओळीवर मी फार वेळ थांबले. सालाचं पान फाटलंय, पण तो उन्हाळा मला दिसतो.

मेळघाट_मास्तर

‘सभासदांनी दोन घागरी कमी न्याव्या’ हे वाचून डोळ्यांत पाणी आलं, ताई. हेच पहिल्या पानावर छापा.

सापनकाठ

उशिरा लिहितेय, क्षमा असावी. मधल्या काळात मंडळीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजींकडे तीनदा जाऊन बसले. नव्वदीच्या पुढे आहेत. डोळ्यांना दिसत नाही, पण गायनाच्या पुस्तकातली रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणतात. रेव्हरंड टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपूरला राहिले होते हे मी सांगितलं तर म्हणाल्या, ‘मग तं आपलेच झाले.’

दगडाबद्दल विचारलं. म्हणाल्या, ‘निंबाखालची? ते वचनवाली बाई.’ त्यांच्या सासूने सांगितलेलं. ती बाई झोळीत शुभवर्तमानाची पुस्तकं घेऊन वस्त्या-पाड्यांवर जायची, बायकांना ओळखीची अक्षरं दाखवायची, बाळंतिणीजवळ रात्र काढायची. गावात पटकी आली तेव्हा तिने घरोघरी जाऊन माणसं धुतली आणि शेवटी स्वतः गेली. नाव काय? आजी बराच वेळ ओठ हलवत राहिल्या. ‘सासू तिले वचनवालीच म्हने.’

आजींनाही तिचं आडनाव माहीत नाही. भाचेदादा, तुमच्या अंदाजाला पुरावा मिळाला नाही, पण तो खोटाही ठरला नाही.

गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा झाली. काही जणांचं म्हणणं, पाटी बदलून जुनं साल घालावं. काहींचं म्हणणं, बॅप्टिस्ट म्हणून आपण तेव्हाच उभे राहिलो, तेच खरं. दोन्हीकडून मनापासून बोलणं झालं, एक काका तर रडले. मी अभिलेखवाचकांनी सांगितलेलं हिल मिशनचं सगळं वाचून दाखवलं. हात वर झाले. पाटी आहे तशी राहील. स्मरणिकेचा पहिला अध्याय मात्र निंबाखालच्या दगडापासून सुरू होईल.

दगड आम्ही उभा केला. चार जण लागले. खाली विटा आणि चुना भरला. पोरांनी काळ्या रंगाने अक्षरं भरायची म्हटली, तेव्हा मी सांगितलं की जेवढं दिसतंय तेवढंच भरा, आपल्या मनाचं काही घालू नका. त्यांनी तसंच केलं. ‘बाई’, ‘प्रभूमध्ये निजली’, १, ९, ०. चौथ्या आकड्याची जागा मोकळी आहे.

स्मरणिका नाताळपर्यंत छापून येईल. अचलपूर, चिखलदरा, धारणीकडच्या कुणाच्या घरी मिशन बंगल्याचा जुना फोटो, शिफारसपत्र, किंवा आजी-पणजीचं बायबल असेल, तर पहिल्या कोऱ्या पानावर काही लिहिलंय का तेवढं पाहून इथे कळवा. जुन्या लोकांना जन्म-मृत्यू तिथेच लिहायची सवय होती.